अव्वाचा मेहनताना

२८ नोव्हेंबर

डॉक्टर म्हणाले, "अप्पा, तुमचं ब्लडप्रेशर तुमच्या तोंडानं वाढतंय. राग आला की बोलू नका, लिहून काढा. अन् रोज संध्याकाळी चालायला जा." म्हणून मुलानं, रुद्रेशनं, बँकेची ही डायरी आणून दिली. वर्ष संपत आलं तरी जवळजवळ कोरीच होती. सुरुवातीची चार पानं चिरंजीवांनी स्वतः लिहिली आहेत. ती मी वाचली नाहीत. पहिलं वाचलं. त्यात मीच आहे, म्हणून पुढचं वाचायची हिंमत झाली नाही.

आजचा राग कॉलेजच्या खेळाच्या मॅडमवर. दामिनी नाव. नव्या आहेत, तिशीच्या असतील, आणि बोलणं सडेतोड. दुकानात आल्या, चहा घेतला आणि योजना सांगितली. आमच्या निलंग्याच्या कॉलेजचा मुलींचा खो-खोचा संघ चांगला आहे. तालुक्यात मुलींना लोक ओळखतात. तर गावातल्या दुकानदारांनी त्यांचे फोटो जाहिरातीत वापरावेत आणि त्याबद्दल मुलींना मानधन द्यावं. त्यातून त्यांचा खुराक आणि बूट निघतील.

"क्रिकेटवाल्यांना देतात की नाही, अप्पा? आमच्या मुलींनी काय घोडं मारलंय?"

मी म्हणालो, "क्रिकेटवाले टीव्हीत असतात. तुमच्या मुली एसटी स्टँडवर उभ्या असतात."

"म्हणूनच तुमचं गिऱ्हाईक त्यांना जास्त ओळखतं."

बाईंकडं उत्तर तयारच. मी व्यापारी संघाचा अध्यक्ष, त्यामुळं नाही म्हणता येत नव्हतं. "बघतो," म्हणालो. आमच्या बाजारात 'बघतो' म्हटल्यावर माणूस समजून जातो आणि परत येत नाही. या परत येणार असं दिसतंय.

मला खो-खोत काडीचा रस नाही, हे इथंच लिहून ठेवतो.

३० नोव्हेंबर

काम फत्ते. माझ्या मनात आलं की मी करून मोकळा होतो.

आज दुकानासमोर मांडव घातला आणि सगळ्या संघाचा सत्कार केला. प्रत्येकीला शाल, श्रीफळ, हार. फोटोग्राफर बोलावला. नव्या वर्षाच्या कॅलेंडरवर हाच फोटो छापायला टाकला आहे. वर आमचं नाव, मध्ये मुली, खाली आमच्या तेलाचा डबा. घरोघरी भिंतीवर लागणार. मुलींना केवढा मान!

थोडी गडबड झाली ती त्यांच्या कप्तान पोरीमुळं. सृष्टी नाव. शिवारातल्या किशनरावांची लेक, काटक अंगाची, बोलताना नजर खाली घालत नाही. मी माइक दिला आणि म्हणालो, "सांग, मी रोज नागम्मा करडई तेलच खाते."

तर माइकवरच म्हणते, "अप्पा, आमच्या मेसमधी दुसरंच तेल हाय. खोटं कसं बोलू?"

सगळा बाजार हसला. मी पण हसलो, फोटोग्राफर समोर होता म्हणून. आमचं तेल काय आहे हे मला कुणी सांगायला नको. नागम्मा म्हणजे माझी आई, आमची अव्वा. डोक्यावर पदर, कपाळावर विभूती, असा तिचा फोटो तीस वर्षं प्रत्येक डब्यावर आहे. या भागात कुणी 'करडईचं तेल द्या' म्हणत नाही, 'अव्वाचा डबा द्या' म्हणतात. त्या तेलाला या पोरीच्या दाखल्याची गरज नाही.

५ डिसेंबर

आज ब्लडप्रेशर नक्की वाढलं असणार.

माझा सत्कार बघून बाजारात सगळ्यांनाच स्फुरण चढलं. मसालेवाल्या संगप्पानं सत्कार केला. पेढेवाल्या लिंबाजीनं केला. उदबत्तीवाल्या मल्लिकार्जुननं तर बँड लावला. रोज संध्याकाळी मुली कुठल्या ना कुठल्या मांडवात उभ्या. मला वाटलं, योजना काय जोरात चालली आहे! दामिनी मॅडम आल्या तेव्हा मी त्यांच्या आभाराची वाट बघत होतो.

त्यांनी पिशवीतून एक डबा काढून टेबलावर ठेवला. खोबऱ्याची चटणी.

"अप्पा, आठवडाभर मेसमध्ये हेच चाललंय. सकाळी चटणी, संध्याकाळी चटणी. शाली इतक्या झाल्यात की मुली अंथरूण म्हणून घालतात. सत्कारापायी सराव बुडला. आणि मानधन? एकानंही दिलं नाही."

मी म्हणालो, "मॅडम, गावच्या लेकी आहेत त्या. लेकींना कुणी मजुरी देतं का?"

"कॅलेंडर छापायला टाकलंत ना? कागदाचे पैसे दिले, शाईचे दिले, फोटोग्राफरचे दिले. जिचा चेहरा आहे तिचे तेवढे राहिले."

रुद्रेश गल्ल्यावर बसून गालातल्या गालात हसत होता. मी त्याला गोदामात पाठवलं. मग बाईंना सांगितलं, की आम्ही लेकींचे चेहरे विकत घेत नाही, ते आमच्यात बसत नाही. त्या 'बरं' म्हणाल्या आणि गेल्या. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या त्या अजून गेल्या नाहीत.

चटणी मात्र चांगली होती. दोन भाकरींबरोबर संपवली.

९ डिसेंबर

डॉक्टरांनी चालायला सांगितलंय म्हणून चालत गेलो. कॉलेजचं मैदान वाटेत लागतं. म्हणजे जरा वळून गेलं की लागतं.

मुलींचा सराव चालू होता. थोडा वेळ थांबलो, पायाला आराम म्हणून. आठ जणी रांगेत बसलेल्या, एक पाठलाग करणारी, समोर तीन जणी चुकवणाऱ्या. ती सृष्टी खांबाजवळ पोचली की अंग असं झोकून देते की माझा जीव खालीवर होतो. मातीत पडते, हात मात्र समोरच्या पोरीला लागलेला असतो. पण खरी गंमत बसलेल्यांची. 'खो' ऐकलं की डोळ्याचं पातं लवायच्या आत उठायचं. त्यांतली तिसरी पोरगी उठायला उशीर करते. मी दामिनी मॅडमना सांगितलं, "तिसरीचा उजवा पाय चुकीचा ठेवलेला आहे." त्या माझ्याकडं बघतच राहिल्या.

मला रस नाही, पण डोळे तर आहेत.

१२ डिसेंबर

रुद्रेशनं बातमी आणली. पुण्याच्या एका कॉलेजनं सृष्टीला बोलावलंय. राहणं, खाणं, शिवाय दरमहा मानधन. जूनपासून जायचं, पण हो की नाही ते संक्रांतीपर्यंत कळवायचं आहे. ती गेली तर आणखी दोघी-तिघी तिच्या मागं जातील, म्हणजे संघ मोडलाच.

जाऊ दे! शाल घालताना वाकून पाया पडत होती, आणि आता हे. गावानं एवढं केलं त्याचं काही नाही. माझ्या बापाचं काय जातंय?

संध्याकाळी मैदानावर गेलो. सृष्टी त्या तिसऱ्या पोरीला कसं उठायचं ते शिकवत होती. स्वतःच्या पायानं दाखवत होती, पुन्हा पुन्हा, न चिडता. ही पोरगी गेली तर फार वाईट होईल. रागाच्या डायरीत हे बसत नाही, तरी लिहून टाकतो.

घरी आलो तर माझी बायको नीलाबाई आणि अव्वा स्वयंपाकघरात कानडीत कुजबुजत होत्या. मी गेलो की मेथीच्या जुडीचा विषय सुरू. कानडी मला येतं, पण कुजबुज कुठल्याच भाषेत कळत नाही.

१५ डिसेंबर

कॅलेंडरं आली. छपाई छान आहे. फोटोत सृष्टी हसत नाही, हे आधी लक्षात आलं नव्हतं.

१९ डिसेंबर, येळवस

आज वेळा अमावस्या, सगळा बाजार बंद, सगळं गाव शेतात. येळवशीला आमच्याकडं ओळखीचा असो की बिनओळखीचा, जो बांधावर येईल त्याला जेवायला बसवायचं. हे मला मान्यच आहे. पण यंदा नीलाबाईनं मला न विचारता अख्खा खो-खो संघ बोलावला. विचारलं तर म्हणाली, "अहो, भज्जी जास्त झाली होती." पहाटेपासून पालेभाज्या-शेंगांची भज्जी रटरटत होती, आणि संघ येणार म्हणून ट्रॅक्टरवर जादा ताटं आदल्या दिवशीच चढली होती. पण येळवशीला भांडायचं नसतं.

कडब्याच्या कोपीत पूजा झाली. करडई-हरभऱ्यावर आंबील शिंपडत मी शेताला फेरी मारली, तर मागं बारा पोरी. अशी फेरी आमच्या शेतात कधी निघाली नसेल. हरभरा ओरबाडला, विहिरीवर दंगा केला, ढाळे भाजून तोंडं काळी केली. मला राग यायला पाहिजे होता. नाही आला.

जेवायच्या आधी मी सृष्टीला विहिरीकडं बाजूला घेतलं. मनाशी ठरवून गेलो होतो.

"पोरी, पुण्याला जाऊ नको. तिथं जे देतेत ते मी देतो. कॅलेंडर नवं छापू, तुझ्या एकटीचा फोटो घालून."

मला वाटलं, वाकून पाया पडेल. तिनं मान हलवली.

"न्हाई अप्पा. आठ जणी बसलेल्या असतेत, त्या उठतेत मनून मी पळते. मला एकटीला पैसे अन् त्यांला नारळ? उद्या मला खो कोण देईल?"

"मग पुण्याला तरी एकटीच चालली ना?"

"तिथं समद्या संघाला भेटतेत. हितं कुणालाच न्हाई. घरी बाबा म्हणतेत, खेळून काय भेटून राहिलंय ते दाखव, न्हाईतर साळा-कॉलेज पुरे, कामाला लाग. म्या शाली दाखवल्या. बाबा काईच बोलले न्हाईत."

बारा जणींना दरमहा द्यायचं तर एकट्या माझ्यानं होणार नाही, आणि बाजार सत्काराच्या पुढं सरकणार नाही, हे मला ठाऊक आहे. मीच तर त्यांना तो रस्ता दाखवला.

जेवताना नीलाबाईनं सृष्टीला नेमकं अव्वाच्या बाजेशेजारी बसवलं. पोरगी अव्वाच्या तोंडाकडं टक लावून बघायला लागली.

"अव्वा, त्या डब्यावरच्या तुमीच का वं?"

"हाव, मीच की."

"मग तुमाला किती देतेत?"

सगळी पंगत हसत सुटली. मला आंबिलीचा ठसका लागला. अव्वा मात्र हसली नाही. तोंडातला घास सावकाश चावला आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "कामून रे सिद्रामा? द्यायचे असतेत का?"

२० डिसेंबर

सकाळी दुकान उघडायला गेलो तर अव्वा माझ्या आधी तिथं. पंच्याऐंशी पार केलेली बाई, खुर्चीवर बसून गव्हाच्या खळीनं वर्तमानपत्राचे तुकडे डब्यांवर चिकटवत होती. प्रत्येक डब्यावर स्वतःच्या तोंडावर तुकडा. पुढची अख्खी रांग झाली होती.

"अव्वा, काय करून राहिलीस?"

"काम बंद केलं मी. मेहनताना ठरू दे, मग थोबाड दावते."

मी म्हणालो, तुला काय कमी आहे? साडी आणतो, औषध आणतो, देवाला नेतो.

"ते तू लेक मनून करतूस. ह्ये मला मालकाकडून पायजे." आणि आणखी एक तुकडा चिकटवून म्हणाली, "घरात राबले त्याचं काई मागत न्हाई. घर माझंच हाय. पण डबा तुझा, अन् थोबाड माझं."

अव्वाचा हात थरथरतो, भाजीसुद्धा चिरता येत नाही. तुकडे मात्र सगळे एकसारखे, काठ सरळ कापलेले. म्हातारीचा हात अजून चांगला आहे म्हणायचा. नीलाबाई मागं उभी राहून खळीचं भांडं धरून होती. "अहो, मी काय करू, त्यांनी बोलावलं," म्हणाली.

रागानं डोकं फुटायची वेळ आली म्हणून घरी येऊन हे लिहितोय. पण लिहिता लिहिता राग कुणावर काढावा तेच कळेना.

२३ डिसेंबर

नवंच संकट. डब्यावर अव्वाचं तोंड झाकलेलं बघून तालुक्यात बातमी गेली की अव्वा गेली!

सकाळपासून फोन. औराद, औसा, देवणी, सगळीकडून किरकोळ दुकानदार. "अप्पा, फार वाईट झालं." दुपारी माणसंच यायला लागली, पांढरी टोपी, पडलेला चेहरा, हातात हार. दुकानात शिरले की समोर खुर्चीवर अव्वा, तुकडे चिकटवत. एक म्हातारा तर किंचाळून मागं सरला. अव्वानं प्रत्येकाला बसवलं, चहा पाजला आणि आपली मागणी समजावून सांगितली. "मेले न्हाई रे बाबा, संपावर हाय."

लोक हसत गेले, पण जाताना माझ्याकडं बघून गेले. एका बाईनं तर तोंडावर विचारलं, "अप्पा, तीस वर्सांत आईला एक रुपया न्हाई दिला?" खरं सांगायचं तर हे माझ्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. लेबल छापणाऱ्याचं बिल मी एकदाही थकवलं नाही. अव्वाचं बिल असतं, हेच माहीत नव्हतं.

दामिनी मॅडम म्हणाल्या होत्या ते आठवलं. कागदाचे दिले, शाईचे दिले. त्या दिवशी मी त्यांच्यावर ओरडलो होतो. आज मनातल्या मनात माफी मागितली. समोर मागेन की नाही ते बघू.

२६ डिसेंबर

आज माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं भाषण केलं आणि ते लिहून ठेवायलाच पाहिजे.

सकाळी आधी अव्वापुढं बसलो. म्हणालो, डब्यामागं तुझा मेहनताना धरतो, ह्या महिन्यापासून. "मागचा?" म्हणाली. म्हणालो, मागचाही हळूहळू देतो. मग विचारलं, "इतके पैसे घेऊन तू करणार काय?"

"पळणाऱ्या पोरींला देणार. माझं पळायचं वय गेलं."

ऐकता ऐकता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. संध्याकाळी व्यापारी संघाची बैठक बोलावली. सगळे समजले, अव्वाच्या संपावर तोडगा काढायचा आहे. मी उभा राहिलो.

"संगप्पा, तुझ्या मसाल्याच्या पुड्यावर कुणाचा फोटो हाय?"

"आमच्या वडलांचा. फेट्यातला."

"लिंबाजी, तुझ्या पेढ्याच्या खोक्यावर?"

"मावशीचा."

"मल्लिकार्जुन?"

"आज्याचा. पण अप्पा, कामून विचारून राहिलाव?"

"काय देतूस आज्याला?"

मी म्हणालो, "आपण समदे थोरल्यांच्या तोंडावर धंदा करतो. फुकट! बापाचं तोंड बघून गिऱ्हाईक इश्वास ठेवतंय, अन् गल्ला आपला. आजपासून ज्यानं त्यानं आपल्या थोरल्याचा मेहनताना पुड्यामागं बाजूला काढायचा. तो कॉलेजच्या खात्यात जाईल, अन् त्यातनं पोरींच्या फोटोचं मानधन. बारा जणींला सारखं."

लिंबाजी म्हणाला, "अप्पा, माझी मावशी तर वर गेली."

"मग तिच्या नावानं खाली दे!"

सगळे हसले, आणि हसता हसता हात वर झाले. पोरींना पैसे द्यायला ज्यांच्या जिवावर येत होतं, त्यांना स्वतःच्या बापाला नाही म्हणता येईना. संगप्पा तर डोळे पुसत होता. त्याच्या वडिलांनी तो मसाला सुरुवातीला डोक्यावर पाटी घेऊन विकला होता, हे त्यानं आज पहिल्यांदा सांगितलं.

ही कल्पना मुळात माझीच. घरी येऊन सांगितली तर नीलाबाई म्हणाली, "अगंबाई, हो का! मला बाई सुचलंच नसतं." अव्वा तिच्याकडं बघून तोंडाला पदर लावून खोकत होती. उद्या तिला डॉक्टरकडं न्यावं.

आणि हो, कॉलेजच्या मेसला आजपासून आमचं तेल. पोरगी खोटं बोलणार नसेल तर खऱ्याची सोय आपणच करायला पाहिजे.

४ जानेवारी

नांदेडहून आत्ताच आलो. घसा बसलाय.

विद्यापीठाच्या स्पर्धेचा अंतिम सामना होता. मी जाणार नव्हतोच, पण अव्वा हट्ट धरून बसली आणि तिला एकटं कसं पाठवणार? पुढच्या सीटवर अव्वा, मागं मी, नीलाबाई आणि चिवड्याचे डबे. नायगावला चहाला थांबलो तर टपरीवाल्यानं गाडीत डोकावून अव्वाला ओळखलं. "अव्वा, संप मिटला का?" बातमी जिल्हा ओलांडून गेली आहे.

मैदानाच्या कडेला दोरी बांधली होती. माझ्या शेजारी एक गृहस्थ, धोतर, हातात अर्धापूरच्या केळ्यांची फणी. किशनराव, सृष्टीचे वडील. कुणी पाठवलं विचारलं तर म्हणाले, "तुमच्या बाईंचा फोन आल्ता. म्या पोरीला खेळताना पयल्यांदा बघून राहिलो." नीलाबाईकडं यांचा नंबर कसा आला कोण जाणे.

खेळ सुरू झाला. डॉक्टरांनी उत्साह टाळायला सांगितलंय, म्हणून मी शांत बसायचं ठरवलं होतं. समोरचा संघ तयारीचा होता, पहिला डाव त्यांनी हातातून ओढून नेला. दुसऱ्या डावात शेवटची पाळी आमच्या पाठलागाची. सृष्टीनं 'खो' दिला, आणि उठली ती तिसरी पोरगी. उजवा पाय बरोबर! मी उभाच राहिलो. मग काय झालं ते मला नीट आठवत नाही. पंच माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "काका, दोरीच्या आत येऊ नका." मी म्हणालो, "मी काका नाही, अध्यक्ष आहे." कशाचा ते त्यांनी विचारलं नाही. तेवढ्यात अव्वा खुर्चीवरून ओरडली, "खो दे गं, खो!" आणि सृष्टीनं खांबावर अंग झोकलं.

किशनरावांच्या हातातली केळी खाली पडली होती. त्यांनी उचललीच नाहीत. मग म्हणाले, "पडली का वं? लागलं का तिला?" मी म्हणालो, "लागलं न्हाई, तिनं लावलं." ते खाली बसले आणि धोतराच्या सोग्यानं तोंड पुसत राहिले.

परत येताना पोरींच्या टेम्पोतून गाण्यांचा आवाज उदगीरपर्यंत येत होता.

लिहायचं राहिलंच. जिंकलो.

'जिंकलो' लिहिलं गेलं. 'पोरी जिंकल्या' असं हवं होतं. राहू दे.

१४ जानेवारी, संक्रांत

आज पुण्याला कळवायचा शेवटचा दिवस. सकाळपासून मी दारात तीनदा जाऊन आलो. तिळगूळ द्यायला बाजारातले सगळे आले, ती येईना. नीलाबाई म्हणाली, "अहो, बसा की. येईल." माझ्या हाताला काम हवं म्हणून मी नवे डबे पुसत बसलो. लेबल कालच आलं. पुढं अव्वा, तिच्या शेजारी सृष्टी, मागच्या बाजूला सगळा संघ, प्रत्येकीचं नाव घालून. ती गेली तर या लेबलांचं काय करणार होतो, याचा विचार मी केला नव्हता. व्यापाऱ्यानं असं करायचं नसतं. केलं.

दुपारी आली. एकटी नाही, बाराही जणी, बरोबर दामिनी मॅडम. सृष्टीनं तिळगूळ दिला आणि पाया पडली.

मी विचारलं, "पुण्याचं काय केलंस?"

"कळवलं. न्हाई येत मनून."

"बाबा काय म्हणले?"

"पयलं मानधन आलं ते बाबांच्या हातावर ठिवलं. म्हणले, ह्या टायमाला शाल न्हाई व्हय?" आणि हसली. कॅलेंडरवर नव्हती तशी, पूर्ण तोंडभर. मग डबा हातात घेऊन बघितला, स्वतःचा चेहरा बघितला आणि म्हणाली, "अप्पा, आता माइक द्या. आता खोटं न्हाई. मेसमधी ह्येच तेल हाय."

मी दामिनी मॅडमना म्हणालो, "त्या दिवशी दुकानात मी जे बोललो ते चुकलं." त्या म्हणाल्या, "कुठलं, अप्पा? बरंच बोलला होता." बाईंकडं उत्तर तयारच असतं. पण आवाज मऊ होता.

बाकीच्या दुकानदारांचे पैसे खात्यात आधीच गेले होते, अव्वाचे तेवढे राहिले होते. मग मी अव्वाचं पाकीट काढलं. बाजारात ठरलं होतं की पहिला मेहनताना अव्वाच्या हातात द्यायचा आणि तिनं तो पोरींच्या खात्यासाठी मॅडमकडं द्यायचा. फोटोसाठी रुद्रेश मोबाइल घेऊन तयार. सगळ्या पोरी टाळ्या वाजवायला उभ्या.

अव्वानं पाकीट दोन्ही हातांत धरलं. फिरवून बघितलं. वर मी तिचं नाव लिहिलं होतं.

"सिद्रामा, ह्ये माझ्या कामाचे ना?"

"हो."

"तुझ्या अप्पानं खर्चाला दिले तसे न्हाईत? तू लेक मनून दिले तसे न्हाईत?"

"नाही अव्वा. तुझ्या कामाचे."

मॅडमनी हात पुढं केला होता. अव्वानं पाकीट छातीशी धरलं आणि म्हणाली, "आज ऱ्हाऊ दे माझ्यापाशी. उद्या कर हाय. करीच्या दिशी पैसा घराभाईर काढत नसतेत. परवा देते."

अशी रीत मी जन्मात ऐकली नव्हती. मी तोंड उघडणार तेवढ्यात नीलाबाई म्हणाली, "असती, असती. आमच्याकडं बी असती." दामिनी मॅडम म्हणाल्या, "हो, आमच्याकडंही." बाराही पोरींनी माना हलवल्या. सृष्टी खाली बसली आणि अव्वाच्या मांडीवर डोकं ठेवलं. अव्वा एका हातानं तिच्या केसांवरून हात फिरवत होती, दुसऱ्या हातानं पाकीट सोडलं नाही.

माझ्या आईला पंच्याऐंशी वर्षांत स्वतःच्या कमाईचा पैसा कधी हातात धरायला मिळाला नव्हता. मी तिचा मोठा मुलगा, आणि मला ते आज समजलं. सगळ्यांसमोर रडलो. ही डायरी रागासाठी आहे, पण आता काय करणार, दुसरी नाही.

परवा अव्वाला घेऊन मैदानावर जायचं आहे. तिथंच ती मॅडमना पाकीट देईल. लवकर निघायला पाहिजे, नाहीतर दोरीजवळची जागा जाते.